ज्योत समेवर आली की घात

मागच्या महिन्यात जुनी हार्ड डिस्क रिकामी करताना पीएचडीच्या काळातलं चार मिनिटांचं एक रेकॉर्डिंग सापडलं. सुरुवातीला नुसती भरभर, पंपाचा स्टोव्ह पेटल्यावर असते तशी. मधे जरा चाळवाचाळव. आणि मग एकाएकी एक जाडजूड सूर, इतका मोठा की तिथं मायक्रोफोननेही हात टेकलेत. सहज म्हणून बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवून दिलं. बाबांनी मिरजेत चाळीस वर्षं तबल्याच्या शिकवण्या केल्या. पेटी त्यांच्या पलंगाच्या उशाशीच असते. दहा मिनिटांत त्यांचा आवाज आला, "काळी दोन आणि सफेद तीनच्या मधे अडकलाय गं तुझा भोंगा. खर्जात. कुठल्या कारखान्याचा हा?"

खर्जातली काळी दोन म्हणजे १५५.६ हर्ट्झ, सफेद तीन १६४.८. त्या दिवशी आमच्या दाबमापकाने १६० दाखवले होते. हजारो युरोंचं ते यंत्र आणि आमची पेटी यांचं इतकं एकमत होईल असं मला वाटलं नव्हतं.

मी फोन लावला. "कारखाना नाही बाबा, ज्योत आहे ती. गॅसची."

"ज्योत? आणि एवढी ओरडते? कशापायी?"

या 'कशापायी'चं उत्तर मी आजवर बऱ्याच जणांना दिलंय आणि बहुतेकदा वाईट दिलंय. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी 'विमानाच्या इंजिनाशी संबंधित' म्हणून मोकळी होते. बाबांपुढे ते चालत नाही. पण त्यांना सांगता सांगता असं झालं की तीनतालात घातल्यावर ही गोष्ट मलाच पहिल्यांदा इतकी सरळ दिसली. म्हणून इथे लिहून ठेवतेय.

ज्योतीला आवाज 'ऐकू' येतो, हे जुनंच आहे. जॉन लकाँट नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ एका घरगुती मैफलीला गेले होते. भिंतीवर गॅसचे दिवे होते. वाद्यं सुरू झाली तशी एक ज्योत सुरांबरोबर उड्या मारायला लागली, चेलोच्या सुरांना तर फारच. बहिऱ्या माणसालाही तो मेळ डोळ्यांनी दिसला असता, असं त्यांनी १८५८ साली लिहून ठेवलं. ही एक बाजू झाली, आवाजाने ज्योत हलते. दुसरी बाजू अशी की हललेली ज्योत स्वतः आवाज करते. उष्णता कमीजास्त झाली की हवा फुगते-आक्रसते, आणि तोच तर आवाज. आता ही ज्योत एखाद्या नळीत कोंडा. तिचा आवाज नळीत फिरून तिच्यावरच येतो, तिला हलवतो, ती पुन्हा आवाज करते. हे चक्र कधी मरतं आणि कधी माजतं, याचा नियम १८७८ मध्ये लॉर्ड रॅले यांनी सांगितला. हवा सगळ्यात जास्त दाबलेली असताना उष्णता दिली तर कंपनाला बळ मिळतं, सगळ्यात विरळ असताना दिली तर ते खचतं.

बाबांना म्हटलं, दाबाचं एक चक्र म्हणजे तीनतालाचं सोळा मात्रांचं एक आवर्तन धरा. दाब सगळ्यात जास्त ती सम. सगळ्यात कमी ती खाली, नवव्या मात्रेवर, बरोबर अर्ध्यात. ज्योतीचा भर, म्हणजे तिची उष्णता सगळ्यात जास्त असते तो क्षण, समेच्या आसपास पडला, तेराव्या मात्रेपासून पुढच्या आवर्तनाच्या पाचव्या मात्रेपर्यंत कुठेही, तर आवाज वाढणार. खालीच्या आसपास पडला तर मरणार. गवई समेवर आला की लोक 'वा' म्हणतात. आमच्याकडे ज्योत समेवर आली की घात.

"आणि तू काय करतीस? टाळ्या मोजतीस?"

जवळजवळ तेच. ज्योतीचा भर कुठल्या मात्रेवर पडणार, हे ती पेटवायच्या आधी सांगायचं.

भर उशिरा का पडतो, हे कळलं की अर्धं काम झालं. आवाज बर्नरच्या तोंडाशी येतो आणि तिथल्या प्रवाहाला एक हिसका देतो. त्या हिसक्याने बर्नरच्या कडेला भोवरा सुटतो. तो प्रवाहाबरोबर वर जातो, ज्योतीला गुंडाळतो, तिचा पृष्ठभाग वाढतो, जास्त मिश्रण जळतं, आणि तेव्हा कुठे जास्तीची उष्णता बाहेर पडते. आवाज सेकंदाला तीन-साडेतीनशे मीटर धावतो. भोवऱ्याला मात्र प्रवाहाच्या गतीनेच जावं लागतं, माझ्या रिगमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या मांडणीत, सेकंदाला २० मीटर. म्हणजे निरोप मोटारसायकलवरून आला आणि माल बैलगाडीतून. ज्योतीचा जळता भाग बर्नरपासून सरासरी ६ सेंटीमीटरवर असेल तर विलंब ३ मिलिसेकंद, ८ वर असेल तर ४. रॉकेटच्या इंजिनांसाठी लुईजी क्रोक्को यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला असाच विलंब धरून गणित मांडलं, आणि आजही आम्ही कागदावर पहिली आकडेमोड तशीच करतो.

ज्योत शांत असती, मेणबत्तीसारखी, तर इथेच काम संपलं असतं. पण खऱ्या इंजिनातली ज्योत खवळलेली असते, टर्ब्युलंट. तिचा पृष्ठभाग चुरगळलेल्या कागदासारखा असतो आणि दर क्षणी नव्याने चुरगळतो. एका क्षणाचा फोटो काढला तर त्यात आवाजाचा मागमूस दिसत नाही. शेकडो आवर्तनं घेऊन प्रत्येकातली तीच मात्रा एकावर एक ठेवली, सरासरी काढली, की मग आवाजाची लाट वर येते. शिवाय ज्योतीचा प्रत्येक तुकडा आपापल्या विलंबाने उत्तर देतो. काही टाळ्या लवकर, काही उशिरा. मंद लयीत हे खपून जातं. लय चढली की टाळ्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि एकूण उत्तर पुसट होतं. म्हणून अशा ज्योती खर्जाला चांगला प्रतिसाद देतात आणि तार सप्तकाकडे काणाडोळा करतात.

त्यात बर्नरमध्ये प्रवाहाला गरगर फिरवणारी पाती बसवलेली असतात, ज्योत जागेवर टिकावी म्हणून. आवाज या पात्यांवर आदळला की तो स्वतः पुढे जातोच, पण फिरकीतही एक हेलकावा सोडतो, आणि हा हेलकावाही बैलगाडीनेच येतो. एकाच घटनेचे दोन निरोपे, दोन वेगवेगळ्या वेळी दारात. दोघांचं म्हणणं जुळलं तर ज्योत उसळते, उलटं पडलं तर ती जवळजवळ गप्प राहते. पाती आणि ज्योत यांच्यातलं अंतर थोडं बदललं की कुठल्या सुराला उसळायचं आणि कुठल्याला गप्प राहायचं, तेच बदलतं. पॅरिसच्या सेबास्तियाँ कांदेल यांच्या गटाने २०१० च्या सुमारास हे फार नेटकं उलगडून दाखवलं. मला या विषयात सगळ्यात आवडलेलं काम तेच.

या सगळ्याचा सारांश ज्यात मावतो त्याला फ्लेम ट्रान्सफर फंक्शन म्हणतात. प्रवाह १० टक्के हलवला तर उष्णता किती टक्के हलते आणि किती उशिरा हलते, दर वारंवारतेला दोन आकडे. 'किती' आणि 'कधी'. नवीन मुलं 'किती'च्या मागे लागतात, कारण त्याचा आलेख देखणा दिसतो. मीही लागले होते.

हे आकडे काढायचे दोन रस्ते. एक, रिग पेटवायची, खालून लाउडस्पीकरने सूर द्यायचा, आणि ज्योतीचा उजेड मोजायचा. जळताना ओएच नावाचे अर्धवट रेणू अतिनील उजेड सोडतात, साधारण ३०८ नॅनोमीटरचा. मिश्रण आधीच नीट एकजीव केलेलं असेल तर तो उजेड उष्णतेच्या प्रमाणात असतो. दोन, कॉम्प्युटर. मोठे भोवरे प्रत्यक्ष गणितात धरायचे, बारीक भोवऱ्यांचा अंदाज बांधायचा. यात एकेक सूर देत बसायला आयुष्य पुरत नाही, म्हणून सगळे सूर कालवून एकदम ओततात आणि उत्तरातून कुणाचं काय ते संख्याशास्त्राने निवडून काढतात. गटागटाने प्रश्न विचारून उत्तरं वेगळी करणं. पटायला कठीण, पण चालतं.

मी जर्मनीत होते तेव्हाची गोष्ट. मिथेन वायू, ३० किलोवॅटची ज्योत, चारी बाजूंनी क्वार्ट्झची काच, मीटरभर उंच कक्ष, खालून आवाजाच्या दृष्टीने बंद, वर उघडा. मी ठरवलं की आधी भाकीत करायचं, लिहून ठेवायचं, आणि मगच रिग पेटवायची. तरुणपणी असला ताठा असतो. कक्षातला ०.३ सेकंदांचा काळ मोजायला क्लस्टरला, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांच्या ताफ्याला, १९ दिवस लागले. या १९ दिवसांत मी रोज रात्री झोपायच्या आधी फोनवर बघायची की गणित मेलं तर नाही ना.

उत्तर आलं, विलंब ३ मिलिसेकंद. कक्षाचा स्वतःचा सूर १६० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे आवर्तन ६.२५ मिलिसेकंदांचं, एक मात्रा ०.३९ मिलिसेकंदाची. ("हा कुठला अतिद्रुत," बाबा म्हणाले.) अशा बंद-उघड्या कक्षात प्रवाहाचा भर दाबाच्या समेनंतर चार मात्रांनी पडतो, पाचव्या मात्रेवर. तिथून ३ मिलिसेकंद म्हणजे पावणेआठ मात्रा पुढे. बाराव्या मात्रेच्या उत्तरार्धात. तेरावी यायला थोडं बाकी. काठावर, पण खालीच्या बाजूला. मी अहवालात लिहिलं, 'स्थिर'.

पेटवल्यावर काय झालं ते रेकॉर्डिंगमध्ये आहेच. तिसऱ्या मिनिटाला सूर लागला, मी गॅस तोडेपर्यंत एक काच तडकली, आणि कक्षाचे दोन बोल्ट नंतर हाताने फिरत होते. खऱ्या गॅस टर्बाइनमध्ये हेच दिवसभर चाललं तर पत्रे फाटतात. आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून हल्ली टर्बाइनमध्ये इंधन कमी, हवा जास्त ठेवून जाळतात. नेमकी तशी ज्योत या दुखण्याला जास्त बळी पडते.

कक्ष आखूड केला, म्हणजे त्याचा सूर बदलला आणि ओरडणं थांबलं. मग निवांत मोजलं. विलंब ४ मिलिसेकंद. पाचव्या मात्रेपासून सव्वादहा मात्रा पुढे, म्हणजे थेट पंधराव्यात. तबल्यात तिथं डग्गा परत घुमायला लागलेला असतो, 'ता धिं धिं धा', आता सम येणार. एक मिलिसेकंदाची चूक, अडीच मात्रांची, आणि 'स्थिर'चं 'काच तडकली' झालं.

दोन आठवडे मी गणितातली जाळी बारीक केली, म्हणजे कक्षाचे आणखी बारीक तुकडे पाडले, ज्वलनाचं मॉडेल बदललं, स्वतःला शिव्या घातल्या. चूक शेवटी वर्कशॉपमधल्या एका वयस्कर तंत्रज्ञांनी काढली, तीही न काढता. काच बदलताना त्यांनी सहज विचारलं, "तुझ्या कॉम्प्युटरमधली ही तळाची प्लेट किती गरम असते?"

मी बघितलं. गणित सोपं व्हावं म्हणून मी भिंती उष्णतारोधक धरल्या होत्या. उष्णता बाहेर जाणारच नाही, मग प्लेट जळालेल्या वायूइतकी तापणार, जवळपास १५०० अंश. खरी प्लेट स्टेनलेस स्टीलची. त्या तापमानाला ती वितळून खाली टपकली असती. आणि खऱ्या प्लेटच्या पोटातून थंड पाणी फिरत होतं. थर्मोकपलने, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेने, मोजलं तर दोनशेच्याही आत.

फरक पडतो तो असा. बर्नरच्या झोताला दोन कडा असतात, एक आतली, एक बाहेरची. भिंती तापलेल्या असल्या की ज्योत दोन्ही कडांना धरून उभी राहते, एम अक्षरासारखी, आखूड आणि बुटकी. भिंती थंड असल्या की बाहेरच्या कोपऱ्यातला वायू निवतो आणि तिकडची कड विझते. उरते फक्त आतली, व्ही अक्षरासारखी. आता तेवढंच मिश्रण एकाच बाजूने जाळायचं, म्हणून ज्योत लांबते. लांबली की बैलगाडीचा रस्ता वाढला.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "चुलीवर गार पातेलं ठेवलं की बुडाला काजळी धरतीच की. आच टेकली तिथं विझती." चार पिढ्यांना ठाऊक असलेली गोष्ट माझ्या १९ दिवसांच्या गणितात नव्हती.

प्लेटचं आणि काचेचं मोजलेलं तापमान घालून पुन्हा तीन आठवडे. उत्तर ३.९. त्या रात्री मी क्लस्टरच्या खोलीबाहेर उभी राहून एकटीच हसले. 'किती'चा आकडा मात्र २०० हर्ट्झच्या वर शेवटपर्यंत पंचमांशाने जास्तच येत राहिला. प्रबंधात मी तिथं 'समाधानकारक जुळणी' असं लिहिलंय. आमच्या क्षेत्रात हा शब्द दिसला की समजावं, लिहिणाऱ्याचं समाधान झालेलं नाही पण फेलोशिप संपत आली आहे.

आणि हे सगळं हिसका लहान असेपर्यंतचं. सूर एकदा वाढू लागला की ज्योत त्या प्रमाणात उत्तर देणं सोडून देते. भोवरे इतके मोठे होतात की ज्योतीचे पदर एकमेकांना भिडून एकमेकांनाच खातात. केंब्रिजमध्ये रामनारायणन बालचंद्रन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इथिलीनच्या ज्योतीवर हे मोजून दाखवलं. म्हणून तर भोंगा अनंतापर्यंत वाढत नाही, एका पातळीवर थांबतो. ती पातळी सांगायची तर प्रत्येक वारंवारतेसाठीच नव्हे, प्रत्येक जोरासाठीही वेगळे आकडे लागतात. म्हणजे १९ गुणिले कितीतरी.

बाबांनी विचारलं, "एवढं करण्यापेक्षा पेटवून बघत जा की सरळ."

पूर्वी तेच केलं लोकांनी. चंद्रावर माणसं पाठवणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात पाच एफ-१ इंजिनं होती. त्याच जातीचं एक जून १९६२ मध्ये चाचणीच्या मंचावर याच दुखण्याने गेलं. मग नासाने खास मोहीम काढली. इंजिन चालू असताना आत मुद्दाम छोटा बॉम्ब फोडायचा आणि उसळलेला आवाज किती लवकर मरतो ते बघायचं. इंधनाच्या चाळणीवर आडवे-उभे पडदे घालून, छिद्रं बदलून, सुमारे २००० पूर्ण आकाराच्या चाचण्यांनंतर ते इंजिन शहाणं झालं. आवाज एक दशांश सेकंदाच्या आत मरायला लागला. तो काळ, तो पैसा वेगळा. आज टर्बाइनवाले मिथेनच्या जागी हायड्रोजन घालायला निघालेत. हायड्रोजनची ज्योत कितीतरी चपळ, म्हणून आखूड, म्हणून विलंब कमी. मिथेनसाठी नीट खालीच्या मात्रेवर बसवलेला भर हायड्रोजनबरोबर भलत्याच मात्रेवर जाऊन बसतो. दर मिश्रणासाठी पुन्हा २००० वेळा पेटवायला कुणाकडे वेळ आहे?

"बरं," बाबा म्हणाले. त्यांच्या 'बरं'चे पाच-सहा प्रकार आहेत. हा 'विचार करतो' मधला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्यांचा आवाज. "तुझ्या त्या रेकॉर्डिंगचं ऐक. भोंगा तिसऱ्या मिनिटाला लागतो म्हणतीस, पण तो त्याच्या आधीपासून यायला बघतोय. तंबोरा लावताना सूर सापडतो, सुटतो, परत सापडतो, तसं. दुसरं मिनिट नीट ऐक."

मी हे त्यांना सांगितलं नव्हतं. चेन्नईच्या आयआयटीत आर. आय. सुजित यांच्या गटाने नेमकं हेच २०१४ मध्ये मांडलं आहे. खवळलेल्या ज्योतीचा कक्ष एकदम ओरडायला लागत नाही. आधी नुसता गोंगाट, मग गोंगाटात मधेच सुराचे झटके, येतात आणि विरतात, आणि झटके दाट होत होत सूर लागतो. त्यावरून आगाऊ इशारा देता येतो. विलंबाची, मात्रांची काही माहिती नसली तरी.

बाबा पुढे म्हणाले, "मी मोजले. सात वेळा सापडून सुटला. आठव्याला लागला."

संध्याकाळी मी दाबाची जुनी फाइल उघडली. दुसऱ्या मिनिटापासून पुढे आठ झटके आहेत, सूर लागण्याआधी. एक इतका बारीक आहे की मीही तो स्क्रीनवर मोठा करून पाहिला तेव्हाच दिसला. बाबांना अजून सांगितलेलं नाही.